गुरुवारच्या बैठकीचा नियम

माझा स्वभाव जळका आहे. पन्नाशीला आल्यावर हे कबूल करायला हरकत नाही. शाळेत मी मैत्रिणीच्या कंपासपेटीवर जळले, नोकरीत दुसरीला मिळालेल्या ड्यूटीवर जळले, पण हे सगळे किरकोळ प्रकार. मनापासून आणि वर्षानुवर्षं मी ज्यांच्यावर जळत आले, त्या म्हणजे माझ्या आईच्या गुरुवारच्या बायका.

आई मिरजेत तिसरीच्या वर्गाला शिकवायची. गुरुवारी शाळा सुटली की त्याच वर्गात बायकांची बैठक भरायची. स्त्रीमुक्ती हा शब्द तेव्हा नवा होता आणि आमच्या गल्लीत तो टिंगलीनेच उच्चारला जायचा. पुण्याहून आलेल्या एका प्राध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं, की अमेरिकेतल्या बायका अशाच गोल बसून आपापलं बोलतात, आणि बोलता बोलता त्यांना कळतं की जे आपण एकटीचं दुखणं समजत होतो ते सगळ्यांचंच आहे. आईला हे फार पटलं. बाकं भिंतीला सरकवून सतरंजी अंथरली जायची. एक भाजीवाली यायची, दोन नर्सेस यायच्या, एका वकिलाची बायको यायची. ती आपल्या चपला दाराबाहेर न काढता पिशवीत घालून आत आणायची, कारण गल्लीतल्या कुणी ओळखल्या असत्या तर घरी गहजब झाला असता.

बैठकीचे नियम दोन. आईची लाकडी फूटपट्टी जिच्या हातात, तिनेच बोलायचं. बाकीच्यांनी मध्ये तोंड घालायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. आणि दुसरा नियम असा, की स्वतःबद्दल सांगताना आपण कुणाची कोण ते सांगायचं नाही. अमक्याची बायको नाही, तमक्याची सून नाही, आई नाही, मुलगी नाही. भाजीवालीला पहिल्या दिवशी हे जमेना. 'मी आमच्या थोरल्याची' म्हणून तिने तीनदा सुरुवात केली आणि तीनदा जीभ चावली. चौथ्यांदा म्हणाली, 'मला पोहता येतं. भर पुरात येतं.' तिच्या तोंडून हे कुणी कधी ऐकलंच नव्हतं.

मी आठ वर्षांची होते. मला घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर गृहपाठ घेऊन बसवलेलं असायचं. पट्टी आईकडे आली की मी पेन्सिल थांबवायची. आई सांगायची, मी तिसरीला शिकवते, मला आंबट फार आवडतं, मला पाण्याची भीती वाटते, मला सायकल शिकायची होती पण राहून गेली. आणि पट्टी पुढे जायची. मी कुठेच नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा कान देऊन बसायचं, पुन्हा चिंचा-कैऱ्या येऊन जायच्या आणि मी नसायची.

एकदा घरी जाताना मी विचारलंच, 'माझं का नाही सांगितलंस?'

'तू तर आहेसच ग. ते काय सांगायचं?' आई म्हणाली.

चिंचासुद्धा होत्याच की, त्या बऱ्या सांगितल्यास, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायची हिंमत नव्हती. पण त्या दिवसापासून त्या गोलात बसणाऱ्या प्रत्येक बाईचा मी राग राग केला. आई त्यांच्या डोळ्यांत बघून ऐकायची, अर्धा अर्धा तास. माझं ऐकताना तिचे हात पोळ्या लाटत असायचे.

त्या बायकांनी काही कमी केलं नाही, हेही सांगायला हवं. हुंड्यापायी जळालेल्या एका सुनेसाठी त्या पोलीस चौकीसमोर भर उन्हात बसल्या. दारूचं दुकान बंद पाडलं. शाळेच्या कागदांवर वडिलांच्या नावाबरोबर आईचंही नाव लागलं पाहिजे म्हणून आईने घरोघर सह्या गोळा केल्या, लोकांचे टोमणे खाल्ले. आज सरकारी फॉर्मवर आईच्या नावाची जागा छापलेली असते आणि ती कुणी मागितली होती हे भरणाऱ्याला माहीत नसतं. मी नर्स झाले, लग्नानंतर नवऱ्याला सांगून एकटी पुढे सौदीला आले, नवरा मागून आला. हे सगळं मला सोपं गेलं ते त्या सतरंजीमुळेच. उपकार मान्य आहेत. पण जळणं थांबलं नाही.

चौदा वर्षं मी सौदीतल्या खमीस मुशैतला एका हॉस्पिटलच्या डायलिसिस विभागात आहे. गेल्या हिवाळ्यात आई व्हिजिट व्हिसावर तीन महिने राहायला आली, तेव्हा मला वाटलं, आता ना शाळा ना बैठक. वडील गेलेले, गुडघे दुखतायत, आता ही नुसती माझी. बाजरीचं पीठ आणून ठेवलं, रजा साठवली.

पाच दिवस टिकलं ते. सहाव्या दिवशी माझ्या विभागातली एक सौदी मुलगी तिला भेटायला आली. वय अठ्ठावीस, हुशार, स्वतःची पांढरी गाडी. आईला तिने विचारलं, 'पुढे बसता का?' झालं. त्यानंतर आई मागच्या सीटवर बसेचना. अबहाच्या डोंगरात धुकं बघायला त्या दोघी, खजुराच्या बाजारात त्या दोघी, आणि मागे पिशव्यांबरोबर मी. मला गाडी येत नाही. बायकांना परवाने मिळायला लागले तेव्हा मी दोन वर्गांना जाऊन घाबरून सोडून दिलं. आई त्या मुलीच्या स्टिअरिंगवरच्या हातांकडे ज्या नजरेने बघायची, ती नजर मला पुरे होती.

मोडक्या इंग्रजीत आई तिला मोर्च्यांच्या गोष्टी सांगायची. पिशवीतल्या चपलांची गोष्ट मी अर्धवटच ऐकली होती. ती पूर्ण मला तिथे, मागच्या सीटवर, दुसरीला सांगताना कळली. वकिलाच्या त्या बायकोने पुढे स्वतः वकिली केली म्हणे. मला कुणी सांगितलं नव्हतं.

एका शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर त्या मुलीने आम्हाला तिच्या घरी नेलं. बायकांच्या दिवाणखान्यात तिची आई, दोन मावश्या आणि आम्ही. गालिच्यावर कहवा, इथली वेलचीची कॉफी, फिरत होता. इथे कहव्याच्या चिमुकल्या, बिनकानाच्या पेल्याला फिंजान म्हणतात. पुरे झालं की तो हातात हलवायचा, नाहीतर यजमान भरतच राहतात. आईला हे माहीत नव्हतं. रिकामा पेला पुढे केला की पुन्हा भरून येई, आणि आलेलं परत करायचं नाही ही आमच्याकडची शिकवण, म्हणून तिने सहा पेले मुकाट्याने प्यायले. मी मुद्दामच सांगितलं नाही. तेवढाच माझा सूड.

शेवटी त्या मुलीने हसत हसत पेला हलवून दाखवला. मग गप्पा निघाल्या. इथे बाईला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याची आई म्हणून. ती मुलगी म्हणाली, 'आम्ही तिघी बहिणी आधीच्या, पण आईला हाक मात्र भावाच्याच नावाने. मी तर कुठेच नाही.' ती हसत बोलली, पण ते हसणं मला चांगलं ओळखीचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला ती आवडली.

आणि आईचे डोळे चमकले. तिने आपला तो नियम सांगितला. मी भाषांतर केलं, नाइलाजाने. बायका पोट धरून हसल्या. पण एका मावशीने पट्टीऐवजी फिंजान धरला आणि ठरलं, की पेला जिच्या हातात तिने बोलायचं, हलवला की खलास.

मावशीने सुरुवातच मुलाच्या नावाने केली आणि सगळ्या ओरडल्या. मग त्या मुलीची आई बोलली. पेल्यात बघत ती म्हणाली, 'डोंगरावर पाऊस येणार ते मला वासावरून कळतं. आणि चार वर्षांपूर्वी मी वाचायला शिकले.' तिची मुलगी तिच्याकडे बघतच राहिली.

पेला माझ्या आईकडे आला. पन्नाशीची बाई मी, पुन्हा कान देऊन बसले. यावेळी सांगेल, मला वाटलं. परका देश, परकी भाषा, इथे तिला माझ्याशिवाय कोण आहे?

आई म्हणाली, 'मी तीस वर्षं तिसरीला शिकवलं. मला सायकल कधी आली नाही. पण या मुलीच्या गाडीत मी पुढे बसले आणि मला भीती वाटली नाही.'

बोलण्यात ती मुलगी आली. मी नाही. आणि हे वाक्य अरबीत मलाच सांगायला लागलं.

पेला माझ्या हातात आला तेव्हा माझं आतून पेटलेलं होतं. मी आधी अरबीत बोलले, मग आईला नीट कळावं म्हणून मराठीत. 'जी शीर कुणाला सापडत नाही ती मला सापडते. चौदा वर्षांत मला एकही पेशंट दुसरीकडे पाठवावा लागला नाही. मला गाडीची भीती वाटते. आणि मी जळकी आहे.' कुणावर, ते कुणी विचारलं नाही, कारण नियमच तसा. मी पेला हलवला. आईचं नाव मी मुद्दामच टाळलं होतं. ती माझ्याकडे बघत होती, तशीच, डोळ्यांत डोळे घालून, जशी गुरुवारी दुसऱ्यांकडे बघायची. मला आनंद व्हायला हवा होता.

परत येताना आई मागे माझ्याजवळ बसली. पुढची सीट रिकामी. ती मुलगी आरशातून बघत होती.

घरी आल्यावर आई कोचावर टेकली. मी चहाचं आधण ठेवलं.

'चांगलं बोललीस,' ती म्हणाली. मग पाय पुढे घेत, 'शेवटपर्यंत मला वाटत होतं, माझं नाव येईल.'

'नियम तुझाच आहे ना?'

'हो. माझाच.' तिने पायमोजे काढायचा प्रयत्न केला, गुडघा वाकेना. 'सह्या गोळा करत फिरले मी. आईचं नाव लागलं पाहिजे म्हणून.' ती हसायला गेली आणि ते काही जमलं नाही. मग मला म्हणाली, 'लागतं ग हे. फार लागतं.'

इतकी वर्षं मला तिच्या तोंडून हेच ऐकायचं होतं. किती वेळा मनात रंगवलं होतं, की ती असं म्हणेल आणि मी काय काय सुनावेन. चहा उकळून वर आला. मी गॅस बंद केला, खाली बसले आणि तिचे मोजे काढले.

'हो,' मी म्हटलं. 'मला माहीत आहे.'

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. 'त्या खिडकीत तू पेन्सिल थांबवायचीस,' ती म्हणाली. 'मला दिसायचं.'