शेरू मुखवट्याला भ्याला

मंडळी, आज सकाळी आमच्या घरी गंमतच झाली.

वावरात वाघ दिसल्यापासून बाबांनी अंगणाबाहेर पाय टाकला नव्हता. आज मोहफुलं वेचायला चला म्हणून मीच मागे लागलो. वाघ पाठीमागून येतो, म्हणून आमच्याकडे डोक्यामागे माणसाच्या चेहऱ्याचा मुखवटा बांधतात. तो बाबांच्या डोक्यामागे बांधला, अन् आमचा शूरवीर कुत्रा शेरू केकाटत खाटेखाली घुसला!

"अरे येड्या, मीच आहो! चाल, काई होत नाई, मी आहो ना संगं," म्हणत बाबांनी त्याला कडेवर घेतलं अन् थेट मोहाच्या झाडाखाली नेलं.

घरी आल्यावर मी विचारलं, "बाबा, तुमाले भेव नाई लागलं?"

"लागलं ना! पण याच्यासमोर कसं दाखवू?"