दोन पिना

परंड्याच्या मैदानावर रोज माझ्याबरोबर पळणारी ती पोरगी मनात काही ठेवत न्हाय. मी मुलगा म्हणून जन्मले. आठवीत शाळा सुटली, मग गावही सुटलं. इथं मला पहिल्यांदा ‘अक्का’ म्हणाली ती हीच. आणि ‘अक्का, तुझे पाय लई लांब, आमच्यात पळणं बराबर न्हाय,’ असं तोंडावर सांगणारीही हीच.

मुलींच्या शर्यतीआधी मला नंबराचा कागद मिळाला, पण पिना संपल्या होत्या. तिनं आपल्या नंबराच्या पिनांतल्या दोन काढून माझा नंबर लावला. मला टोचू नये म्हणून आतून स्वतःचं बोट धरलं.

‘जिंकलीस तर मी तक्रार करणार बघ.’

‘व्हय, कर,’ मी म्हणाले.

रेघेवर वाकले तेव्हा हरायची भीती नव्हती. जिंकले तर उद्या अक्का कोण म्हणणार, हीच होती.