मॅडमचा पेपर

दिवाळीच्या सुट्ट्या लागायला आठवडा उरला, की शाळेतल्या साध्यासुध्या गोष्टी मला उगीचच आवडायला लागतात. हजेरी घेताना आवाज मोकळा लागतो, पोषण आहाराच्या खिचडीला जास्त चव येते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तर हे फारच झालं होतं. मी साताऱ्याकडची. जूनमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात, एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले, त्यानंतर एकदाही घरी गेले नव्हते. कळंबला एक खोली घेतली होती. तिथून रोज सकाळी स्कूटीवर अकरा किलोमीटर. त्या आठवड्यात हवेत गारवा आला होता, सोयाबीन निघालेली वावरं काळीभोर पडली होती आणि त्यांच्या शेजारी कपाशी फुटून पांढरी झाली होती. मी स्कूटीवर मोठ्यानं गाणं म्हणत जायचे. ऐकायला कुणी नसायचं.

शाळा दोन खोल्यांची, शिक्षकही दोनच. दुसरे म्हणजे आमचे मोठे सर, बाभुळगावचे. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, पण अंगात खोड्या चौथीच्या पोरांएवढ्या.

बुधवारी पहिल्या सत्राचा शेवटचा पेपर होता. चौथीतल्या एका मुलीचं सगळ्यांच्या आधी लिहून झालं. पेपर माझ्या हातात देऊन ती तिथंच उभी राहिली.

"मॅडम, परीक्षा आमचीच काहून होते? तुमची काहून नाई?"

"माझ्या झाल्या की सगळ्या. डी.एड.ची झाली, नोकरीसाठी दिली ती झाली."

"ते आमी कुठी पाह्यली?"

दारातून सर हसले. "बराबर बोलून राह्यली पोरगी. शनिवारी मॅडमची परीक्षा घेऊन टाका. पेपर तुमीच काढा."

सरांनी गंमत केली असं मला वाटलं. मुलींना ती गंमत वाटली नाही. दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुट्टीत चौथीच्या पाचजणी कडुलिंबाखाली डोक्याला डोकं लावून बसायला लागल्या. मी जवळून गेले की एकदम गप्प. एक वही पाठीमागे लपवली जायची. मला हसू यायचं आणि खरं सांगायचं तर थोडी धाकधूकही वाटायला लागली. शुक्रवारी मी स्वयंपाक करणाऱ्या मावशींना हळूच विचारलं, "मावशी, काय काय विचारणार आहेत, काही कानावर आलं का?"

मावशींनी कढईतला झारा बाहेर काढला आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "मी पेपर फोडत नाई, मॅडम."

शनिवारी सकाळची शाळा, सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. मला कोपऱ्यात एकटीला वेगळी सतरंजी टाकून बसवलं. पहिली-दुसरीची पोरं खिडकीशी लोंबकळत होती. प्रश्न विचारणाऱ्या त्याच मुलीनं वहीचा फाडलेला कागद माझ्यापुढे ठेवला. पट्टीनं समास आखलेला. वर लिहिलं होतं: 'वेळ अर्धा तास. गुण वीस. बाजूले पाहू नये.'

पहिला प्रश्न शब्दांचे अर्थ लिहिण्याचा होता. भेदरं, फल्ली, सांबार. भेदरं म्हणजे टोमॅटो, फल्ली म्हणजे शेंगदाणे, हे मी आल्या आल्या शिकले होते. सांबार तर मी जन्मात विसरणार नाही. जुलैमध्ये मावशींनी मला येताना कळंबहून सांबार आणायला सांगितला होता आणि मी सांबार मसाल्याचं पाकीट घेऊन गेले होते. त्यांना कोथिंबीर हवी होती. मुलींना तो किस्सा पाठ होता, त्यामुळे मी उत्तर लिहीत असताना सगळ्या तोंडावर हात धरून होत्या.

दुसरा प्रश्न त्यांच्या घरच्या बोलीतला. याडी म्हणजे आई, बाटी म्हणजे भाकरी. तिसरा शब्द होता केसुला. इथं मी अडकले. मागच्या पाच महिन्यांत हा शब्द कधी कानावरून गेला होता का, ते आठवेना.

तेवढ्यात खिडकीबाहेर खोकल्याचा आवाज आला. पोरांच्या मागे मोठे सर उभे होते. त्यांनी बांधावरच्या एका झाडाकडे बोट दाखवलं आणि हाताचा द्रोण करून जेवल्यासारखं केलं. द्रोण, पत्रावळ, पळस! मी घाईघाईनं 'पळसाचं फूल' लिहिलं, तेवढ्यात पाठीमागून आरडाओरडा झाला.

"सर कॉपी देऊन राह्यले! सरांनी कॉपी देल्ली!"

मोठे सर दोन्ही हात वर करून म्हणाले, "मी तं पाखरं पाहून राह्यलो होतो, बाई." पण कुणी ऐकलं नाही. त्यांना हापशापाशी जाऊन उभं राहायची शिक्षा झाली आणि ते खरंच जाऊन उभे राहिले. माझ्या त्या उत्तरावर लाल पेननं काट मारण्यात आली. मी म्हटलं, "अगं, उत्तर तर बरोबर आहे ना?"

"बराबर आहे. पण तुमचं नाई."

शेवटचा लेखी प्रश्न असा होता: 'पहिलीतल्या सगळ्यात लहान पोरीच्या बकरीले किती पिल्लं झाली?' दोन. मला माहीत होतं, कारण पिल्लं झाली त्या दिवशी ती पोरगी प्रार्थना संपल्यावर धावत आली होती आणि उशिराचं कारण सांगताना तिला धाप लागली होती. मी नुसतं 'दोन' लिहिलं नाही. 'दोन, एक काळं आणि एक ठिपक्यांचं' असं लिहिलं. खिडकीतून ती स्वतःच ओरडली, "बराबर!"

मग प्रात्यक्षिक. शाळेला लागूनच मावशींचं वावर आहे. आदल्या दिवशी तिथं सीतादही झाली होती, म्हणजे वेचणीआधी वावरात करतात ती पूजा, आणि मावशी सकाळपासून कापूस वेचत होत्या. मुलींनी माझ्या कमरेला ओढणीची ओटी बांधली. दहा बोंडं वेचायची होती.

पहिल्या बोंडाला मी हात घातला तर वाळलेलं टोक बोटात घुसलं. दुसऱ्याचा अर्धा कापूस हातात आला, अर्धा तिथंच राहिला, वर पानाचा चुरा चिकटला. मुली कपाळाला हात लावत होत्या. चार ओळी पुढून मावशी म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या भरोशावर सोडलं तं संक्रांत येईन."

शेवटी पेपर देणाऱ्या आमच्या परीक्षकबाईंना राहवलं नाही. तिनं माझा हात धरला. "असं पाहा. पाची बोटं लावा. घट्ट नोका धरू." तिच्या बोटांबरोबर माझी बोटं गेली आणि अख्खा कापूस एका झटक्यात सुटून आला. स्वच्छ, उन्हानं कोमट झालेला. मला इतका आनंद झाला की मी ओटी सोडून उडीच मारली आणि आधी वेचलेला सगळा कापूस खाली सांडला.

निकाल तिथंच बांधावर लागला. वीसपैकी बारा. सरांना हापशावरून सोडण्यात आलं. मग ती मुलगी ताठ उभी राहिली आणि प्रगतिपत्रकावर मी लिहिते तशा भाषेत, एकेक शब्द जपून, वाचायला लागली:

"मॅडम दररोज शाळेत येतात. लेखन चांगले आहे. प्राण्यांची माहिती आहे. कापूस वेचण्यात मागे आहेत, पण रडत नाहीत. अजून सरावाची गरज आहे."

आम्ही सगळे हसलो. पण मी तो कागद मागून घेतला. पाच महिने मला वाटत होतं, मी या मुलींवर लक्ष ठेवून आहे. त्या माझ्यावर किती बारीक लक्ष ठेवून होत्या ते त्या दिवशी कळलं, आणि ते कळून फार बरं वाटलं.

मी त्यांना सुट्टीचा अभ्यास दिला. त्यांनी मलाही दिला. "तुमच्या गावाचे दहा शब्द आणजा, मॅडम. आमाले न येणारे."

दोन दिवसांनी मी घरी, आईसमोर चकल्यांचा सोऱ्या फिरवत बसले होते. शेजारी वही उघडी होती. मी आईला म्हटलं, "आपल्याकडचे असे शब्द सांग, जे यवतमाळकडं कुणाला कळणार नाहीत."

"हे काय नवीन?" आई म्हणाली.

"अभ्यास आहे. दिलाय मला."

आईनं चकली तेलात सोडली आणि जरा विचार केला. "माळवं लिही, म्हणजे भाजीपाला," ती म्हणाली. "कोरड्यास लिही, भाकरीबरोबरचं कालवण." मग तिला एकामागून एक आठवतच गेलं. मळ्यातून वडील आले, तर त्यांनाही तिनं कामाला लावलं. दहा कधीच झाले होते, पण दोघं थांबायला तयार नव्हते, आणि माझे हात पिठाचे, म्हणून शेवटी वडीलच वही पुढ्यात घेऊन लिहायला बसले.