दोन झाडांची पाकोळी

सातवीत असताना माझा एका मेलेल्या पाकोळीवर जळफळाट होत होता. सांगायला लाज वाटते, पण होत होता.

पाकोळी समोरच्या दारातल्या मैत्रिणीची. तिचा मामा अमेरिकेहून आला तेव्हा काचेच्या झाकणाच्या डबीत टाचणीला लावून घेऊन आला. नखाएवढी, राखाडी. असल्या दहा आमच्या मुलुंडच्या घरात रोज ट्यूबलाइटवर आपटायच्या आणि आई त्यांना झाडूने हाकलायची. पण ही अमेरिकेची! हिची अळी म्हणे तिथल्या दोनच झाडांची पानं खाते, विलो आणि पॉपलर. तिसरं पान पुढे केलं तर उपाशी मरेल, पण तोंड लावणार नाही. ती दोन पानंही मामाने वहीत दाबून आणली होती. माझाही मामा मे महिन्यात यायचा. कुळथाचं पीठ घेऊन.

बाईंनी विज्ञान प्रदर्शनातलं पहिलं टेबल तिला दिलं. दरवर्षी ते माझं असायचं.

"हात नको लावूस हं," ती म्हणायची. "पंख गळतील."

"खात नाही गं तुझी पाकोळी," मी म्हणायचे, आणि आतून धुमसायचे.

तिच्या आईने डबीत डांबराची गोळी ठेवली होती, शालूच्या घडीत ठेवतात तशी. एका दुपारी मैत्रीण पाणी आणायला आत गेली आणि मी गोळी काढून फ्रॉकच्या खिशात टाकली. झाकणही सैलच लावलं. पुढे काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. आदल्या वर्षी माझं फुलपाखरू मुंग्यांनी असंच संपवलं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी डबीत टाचणी, चिमूटभर पूड आणि लाल मुंग्या. मला आनंद झाला. थोडा वेळच.

ती रडली नाही. "बघ ना यार," म्हणाली, "हिला खायला दोनच झाडं, आणि हिला खायला आख्खं मुलुंड." मग टेबलावर दोन्ही पानं मांडून म्हणाली, "तू थांब ना माझ्यासोबत. तुला सगळं पाठ आहे."

खरंच पाठ होतं. दिवसभर मी पहिल्या टेबलामागे उभी राहून रिकामी टाचणी दाखवत होते आणि दोन झाडांची गोष्ट सांगत होते. ती कौतुकाने ऐकत होती.

दुपारी बाई आल्या. "डांबरगोळी नव्हती ठेवलीत का गं?"

"ठेवली होती बाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "होती ना गं? तू पाहिलीस ना?"

"होती," मी म्हणाले.