चांगल्या दिवसाचा नमुना

दोन हजारचं दशक सरत आलं होतं. मायला मोठ्या आतड्याच्या सुजेचा जुना आजार होता. मधूनच रक्त पडायचं, मग गोळ्या वाढायच्या, गोळ्यांनी तोंड सुजायचं, साखर चढायची. सिद्धेश्वर धरणाजवळच्या आमच्या गावातून नांदेडच्या डॉक्टरांकडं जाऊन यायला सगळा दिवस जाई. त्या फेऱ्यांनी ती थकली होती आणि मीही.

तिला धास्ती होती ती आतड्यात नळी घालून करायच्या तपासणीची. पहिल्या वेळी मी वसतिगृहात राहून शिकत होतो. आतडं साफ करायचं औषध पिऊन ती टमरेल घेऊन वावराकडं पळत राहिली, कारण घरी संडास नव्हता. वाटेतच लुगडं खराब झालं आणि ते विहिरीवरून येणाऱ्या बायांनी पाहिलं. तेव्हापासून तिचं एकच म्हणणं, "मरंन, पर ती नळी न्हाई."

त्यामुळं डॉक्टर नव्या तपासणीचं बोलले तेव्हा मला फार हायसं वाटलं. आतड्याला सूज असली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिथं जमतात आणि त्यांच्यातलं एक प्रथिन शौचातून बाहेर येतं. कॅल्प्रोटेक्टिन म्हणतात त्याला. ते कमी निघालं तर नळी टळेल, गोळ्याही कमी करता येतील. जास्त निघालं तर आत बघावंच लागेल. घरातला पहिला पदवीधर म्हणून हे सगळं मी समजून घ्यायचं होतं. डॉक्टरांनी ते न कंटाळता, साध्या मराठीत सांगितलं. त्यांचे उपकार मी विसरलो नाही.

झाकणाला चमचा असलेली इवलीशी डबी मिळाली. नमुना पुढं पुण्याला जाणार होता. हे ऐकून माय कितीतरी दिवसांनी हसली. "आपली मेंढरं खतासाठी वावरात बसवली तर लोक ज्वारी देतेत. माह्या घानीसाठी आपनच पैसे देऊन राहिलो!"

"मंग तू बी जाऊन बस एखाद्याच्या वावरात," बा म्हणाला. "बघ कोन दानं देतं का."

नमुना न्यायला मी हिंगोलीच्या शाळेतल्या नोकरीतून रजा काढून आलो होतो. कुठल्याही सकाळचा चालेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण माय रोज म्हणायची, "आज न्हाई लेकरा, उद्या." रजा संपत आली तेव्हा एका सकाळी तिनं फडक्यात गुंडाळलेली डबी माझ्या हातात ठेवली. चेहरा उजळलेला होता.

"आज बराबर आलं."

"इतके दिवस काहून थांबलीस?"

"नुसत्या ताक-भातावर होते. घान कशी दाखवावी डॉक्टरला? पाव्हण्याकडं जाताना फाटकं लुगडं नेसून जातं का कुनी?"

दिसण्यावर काही नसतं, हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं. तरी डबी बर्फात ठेवताना मलाही वाटलं, इतकं बरं दिसतंय म्हणजे बरंच असेल.

रिपोर्ट आला तेव्हा आकडा फार वर होता. डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "बाहेरून ठीक वाटतंय, पण आत सूज आहे. नळी घालून बघावं लागेल, आजी." तिनं मान हलवली.

परतताना वारंगा फाट्यावर आम्ही दुसऱ्या गाडीची वाट बघत बसलो. चहा तिच्या हातातच गार झाला.

"चांगलं बघून तर देल्तं रे," ती म्हणाली.

"व्हय माय."

मग तिनं विचारलं, "तुह्या हिंगोलीच्या खोलीवर संडास हाय ना?"

"हाय. चार भाडेकरूंत मिळून एक."

"मंग ते औषध मी तिथंच पिते. गावात न्हाई. त्या दिसापुरता मोकळा ठिवा म्हनून सांगशीन का त्यायला?"

"सांगतो," मी म्हणालो.

गाडी आली. तिनं गार चहा एका घोटात संपवला आणि पिशवी माझ्याकडं दिली.