कोळंबीची फिर्याद

पोटाच्या सोनोग्राफीचे फोटो पुरावा म्हणून माझ्या टेबलावर आले, असं सबंध नोकरीत एकदाच घडलं. तो दिवस मी अजून विसरलेलो नाही.

कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. राजारामपुरीतल्या एका दवाखान्यातल्या डॉक्टरबाई ते फोटो घेऊन आल्या. आतड्यांचे आजार सोनोग्राफीत कसे दिसतात, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. ताप आणि जुलाब घेऊन आलेल्या सात जणांच्या आतड्याला त्यांना एकाच जागी सूज दिसली. एका शिक्षकाचं तर अपेंडिक्स समजून ऑपरेशन ठरलं होतं, ते बाईंनी थांबवलं. चौकशी केली तेव्हा कळलं, सातही घरांत एकाच मासेवालीची कोळंबी शिजली होती.

ही बातमी फुटली आणि नातेवाइकांनी मासेवालीच्या पाट्या उलथून टाकल्या. आता तिला मारहाण होईल, या काळजीनं बाई आल्या होत्या. दोष कोळंबीत आहे की आणखी कशात, हे अजून ठाऊक नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

ठाणे दैनंदिनीत नोंद करून महिला हवालदारामार्फत मी मासेवालीला बोलावलं. पन्नाशीची मुसलमान विधवा, आवाज खणखणीत. तीच कोळंबी आपण घरात सगळ्यांनी खाल्ली, कुणाला काही झालं नाही, असं ती सांगत राहिली. डॉक्टरबाईंनी दवाखान्यात नेऊन तिची सोनोग्राफी केली. आतडं स्वच्छ. आमचे फौजदार लगेच म्हणाले, बाई खोटं बोलते, तिनं कोळंबी खाल्लेलीच नाही. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं.

डॉक्टरबाईंनी मात्र तिला शांतपणे विचारलं, "घरची कोळंबी कधी काढता?"

"कोकणातनं गाडी आली की आदी घरची काडून ठेवती. मग बाकीच्या मालावर हितला बर्फ घालती. कारखान्याचा."

मी बर्फाच्या कारखान्याकडं गाडी काढायला सांगितली.

अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी सोबत होते. पंचांसमक्ष नमुने घेतले. कारखान्याचा मालक पाणी बोअरचं आहे, चांगलं आहे, हेच घोकत होता. मी आवाज चढवला नाही. त्याच्याच बर्फाची लादी फोडून ग्लासात वितळू दिली आणि ग्लास त्याच्यापुढे सरकवला.

"प्या."

त्यानं ग्लासाकडं पाहिलं, हात पुढं केला नाही. "नको साहेब. बोअरमध्ये गटारीचं पाणी उतरतंय. वास येतोय, म्हाईत हाय मला."

नमुन्यांचा अहवाल तेच सांगणारा आला. कारखान्याला सील लागलं, मालकावर गुन्हा दाखल झाला. बर्फातले जंतू कच्ची कोळंबी सोलताना हाताला, विळीला आणि तिथून कोशिंबिरीला लागत होते, असं डॉक्टरबाईंनी समजावलं. सातही रुग्ण बरे झाले. पाट्या उलथणाऱ्यांपैकी दोघांनी ठाण्यात येऊन मासेवालीची माफी मागितली.

माणसाचा चेहरा वाचता येतो, असा मला अभिमान होता. त्या दिवशी एका बाईच्या निर्दोषपणाचा पुरावा हातात असताना मी तो खोटेपणाचा म्हणून वाचत होतो. एक साधा प्रश्न विचारायचा राहिला होता, इतकंच. पुढं प्रत्येक तपासात संशयिताला त्याचा रोजचा दिवस कसा जातो, ते मी आधी विचारत गेलो. त्याचा मला फार उपयोग झाला.

निवृत्तीनंतर मी त्याच मासेवालीकडं मासे घेतो. परवा कोळंबीकडं बोट दाखवलं, तर तिनं पाटी मागं ओढली.

"ती कालची हाय, साहेब. आज बांगडा न्या."