निघालो कारवारच्या समुद्राला, मुक्काम अळणावरला

हुबळीहून कारवारला जायचे बरेच रस्ते आहेत. आम्ही त्यातला एकही पुरा केला नाही. तरी लिहिते आहे, कारण अळणावरला मुद्दाम मुक्काम करून त्यावर ब्लॉग लिहिणारी दुसरी कुणी मला अजून भेटलेली नाही.

जायचं ठरवलं अप्पांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी. अप्पा निवृत्त वकील, आणि त्यांची गाडी माझ्या लग्नाच्याही आधीची. माझा नवरा श्रीकांत ती विकायच्या मागे लागला होता. शेवटी बापलेकांत तह झाला. दसऱ्याच्या सुट्टीत अप्पांनी मला कारवारचा समुद्र दाखवून आणायचा; गाडी वाटेत बंद न पडता आली तर राहील, थांबली तर दिवाळीआधी विकायची. श्रीकांतला कापडाच्या दुकानात खंडेनवमीची पूजा, सासूबाईंना गाडी लागते. उरलो अप्पा आणि मी.

खंडेनवमीला पहाटे देशपांडे नगरातल्या आमच्या दारात गाडीला अंघोळ झाली. झेंडूचा हार, स्टिअरिंगला हळदकुंकू, चारी चाकांखाली लिंबं. अप्पांच्या हिशेबी हीच सर्व्हिसिंग.

"पूजा झालेल्या गाडीला काय होतंय?" असं म्हणून त्यांनी लिंबं चिरडली आणि आम्ही निघालो.

पहिल्याच स्पीडब्रेकरला पुढून डावीकडून आवाज आला, खट.

"नारळ," अप्पा म्हणाले. पूजेचा नारळ डिकीत होता.

नवनगरला पुन्हा खट. पुन्हा नारळच. डिकीतला नारळ माझ्या पायाखाली कसा वाजेल, हे वकिलाला विचारण्यात अर्थ नव्हता. म्हणून धारवाडला पेढे घ्यायला थांबलो तेव्हा मी तो फोडायलाच लावला. पेढा, वर ओलं खोबरं आणि गिरमिट, म्हणजे इकडची चुरमुऱ्यांची भेळ, असा नाश्ता झाला. (पेढ्याला सकाळीच जा, सणाला नंतर रांग लागते.) धारवाड सोडलं आणि पुन्हा खट. आता नारळ पोटात होता. मग अप्पांनी दुसरा उपाय काढला: समोर खड्डा दिसला की अभंग सुरू. खड्डा जेवढा मोठा, तेवढी भक्ती जास्त.

धारवाड ते अळणावर रस्ता मात्र छान आहे. आधी शेतं, मग हळूहळू झाडी दाट होते आणि हवा गार लागते. पण आयुधपूजेच्या दिवशी जाणार असाल तर जपून. चौकाचौकात दृष्ट काढून फोडलेले कोहळे पडलेले असतात आणि दुचाकीवाले त्यावरून मजेत घसरतात. अप्पा कोहळे चुकवायला स्टिअरिंग फिरवत तेव्हा खाली कर्र वाजे. अळणावर आलं तोवर गाडी आपल्या मनानेच डावीकडे जायला लागली होती.

"अप्पा, गाडी दाखवा नाहीतर मला उतरवा," मी म्हटलं. अभंग थांबला.

गॅरेज सापडलं, मालक बसण्णाही सापडला. नव्या शर्टात, कपाळाला विभूती. पण त्याचे झाडून सगळे पाने, हातोडे देवीसमोर पाटावर फुलं लेवून बसले होते.

"इवत्त पाना मुट्टंगिल्ल्री," बसण्णाने हात जोडले. आज पान्याला हात लावायचा नाही.

अप्पांनी आपण वकील असल्याचं सांगून कानडीत जोरदार युक्तिवाद केला. बसण्णाने ऐकून घेतला आणि विचारलं, "कोर्टाला सुट्टी असली की तुम्ही केस चालवता काय, साहेब?" मग जरा विरघळून म्हणाला, "नुसतं हातानं बघतो. जॅक तुमचा, पाप तुमचं."

अप्पांनी धापा टाकत स्वतः गाडी उचलली. बसण्णाने चाक वरून आणि खालून धरून हलवलं. ते पडायला आलेल्या दातासारखं हललं. मला वाकून आत बघायला लावलं: खालच्या आर्मला चाकाकडचा भाग जोडणाऱ्या बॉल जॉइंटचं रबर फाटलेलं, ग्रीस गेलेलं, आत माती. चाक वळायचं आणि खालीवर व्हायचं ते या सांध्यावर.

"घाटात हा निसटला की चाक आडवं," बसण्णा म्हणाला.

"हळू नेली तर?"

"हळू पडाल."

श्रीकांतला फोन केला की गाडी गेली, हे अप्पांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पुढे घाट होता. मी काही झालं तरी त्या गाडीत बसणार नव्हते, ते सांगायला तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात त्यांनी बाकावर बसून चष्मा पुसला आणि फोन लावला.

"श्रीकांत, गाडी थांबवलीय. उद्या येताना बॉल जॉइंट आण. दोन्ही बाजूंचे."

फोन ठेवून मला म्हणाले, "समुद्र राहिला बघ तुझा." मला रडू आलं, आणि ते समुद्रासाठी नव्हतं.

अळणावरचा लॉज स्वस्त आहे आणि रेल्वेच्या शिट्ट्या फुकट. खानावळीत ज्वारीची भाकरी आणि भरली वांगी जरूर खा.

दसऱ्याला सकाळी श्रीकांत रेल्वेतून खोका घेऊन उतरला. ओळखीच्या दुकानदाराला त्याने सणाचं शटर अर्धं वर करायला लावलं होतं. बसण्णाने पूजा हलवली आणि वर्षाचं पहिलं काम म्हणून आमच्या गाडीलाही कुंकू लावलं. चाक काढलं, पिन ओढली, नट सैल केला, आर्मवर हातोड्याचे घाव घातले, तेव्हा कुठे जुना जॉइंट सुटला. तो अप्पांनी हातात घेऊन फिरवला. सैल, खडखडीत. दुसऱ्या बाजूचा जरा बरा होता, तोही बदलला. "अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर टायर खाईल," बसण्णाने बजावलं.

परतताना अप्पांनीच चालवली. खट नाही, अभंग नाही. तुम्हालाही गाडीखालून असं काही ऐकू आलं, तर नारळ खा जरूर, पण आधी रबर बघून घ्या.

संध्याकाळी श्रीकांतने अप्पांच्या हातात सोनं दिलं आणि वाकून नमस्कार केला.

"मग? गिऱ्हाईक बघितलंस काय गाडीला?" अप्पांनी विचारलं.

"नाही विकायची."

"थांबली की रे ती."

"गाडी थांबेल याची भीती नव्हती, अप्पा. तुम्ही थांबणार नाही याची होती."

अप्पा हातातल्या आपट्याच्या पानांकडे बघत राहिले. "आधी सांगायचंस की," ते म्हणाले, आणि ती पानं जपून खिशात ठेवली.